घरच्या प्रयोगातले ‘चल’ ओळखायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनाच्या सूचना निघतात आणि माझ्याकडे पालकांचे निरोप सुरू होतात. मुलांना घेऊन रविवारी प्रयोग करायला लागून बरीच वर्षं झाली, पण प्रश्न फिरून फिरून तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुद्दाम स्वयंपाकघरातली घेतली. त्यातही दही जास्त, कारण ते घरोघरी लागतं आणि बिघडलं तर कढी करता येते.

१. चल म्हणजे नेमकं काय? गणितातला एक्स तोच का?

चुलतभाऊ म्हणा. प्रयोगात जे जे बदलू शकतं ते सगळं चल. दही लावताना दूध किती गरम आहे, विरजण किती घातलं, भांडं स्टीलचं की मातीचं, झाकण ठेवलं की नाही, किती तास ठेवलं, हे सगळे चल. गणितात एक्सची किंमत काढून आपण मोकळे होतो. प्रयोगात एक चल आपण हाताने हलवतो आणि दुसरा त्यामुळे हलतो का ते बघत बसतो.

२. स्वतंत्र, परतंत्र आणि नियंत्रित चल वेगळे कसे काढायचे? दरवेळी गोंधळ होतो.

गोंधळ बहुतेक वेळा सामानाच्या यादीपासून सुरुवात केल्यामुळे होतो. आधी प्रश्न एका वाक्यात लिहा: ‘विरजण जास्त घातलं तर दही लवकर लागतं का?’ आता वाक्याचे दोन तुकडे करा. ‘तर’च्या आधी जे आहे ते तुम्ही ठरवणार: विरजणाचं प्रमाण. हा स्वतंत्र चल. ‘तर’च्या नंतरचं घडेल ते घडेल, तुम्ही फक्त मोजणार: दही लागायला लागलेला वेळ. हा परतंत्र चल.

वाक्यात न आलेल्या पण दह्यावर परिणाम करू शकणाऱ्या सगळ्या गोष्टी नियंत्रित. दूध एकाच पिशवीतलं, एकत्र तापवून एकत्र कोमट केलेलं. वाट्या सारख्या, प्रत्येकीत १०० मिलि दूध. विरजण एकाच दह्यातलं. वाट्या एकाच ताटात, ओट्याच्या एकाच कोपऱ्यात. विरजण मात्र एकीत अर्धा चमचा, दुसरीत एक, तिसरीत दोन.

वाक्य फिरवूनही ‘तर’ बसत नसेल, म्हणजे प्रश्न ‘दही कसं बनतं?’ असा असेल, तर तो माहिती मिळवायचा प्रश्न झाला. त्यात चल शोधू नका, सापडणार नाहीत.

३. मुलगी तिसरीत आहे. हे शब्द तिला जड जातात. शिवाय बी.एड. झालेली तिची मावशी ‘स्वाश्रयी’ आणि ‘आश्रयी’ म्हणते!

मावशीचे शब्दही बरोबर आहेत. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत तेच भेटतात. सेमी-इंग्लिशच्या मुलांना व्हेरिएबल हाच शब्द जवळचा वाटतो, तोही चालेल. तिसरीतल्या मुलीला यातलं काहीच नको. वहीच्या पानाचे तीन रकाने करा आणि वर तिच्याच हाताने लिहून घ्या: ‘मी बदलते’, ‘मी मोजते’, ‘मी तसंच ठेवते’. पहिल्या रकान्यात एकच ओळ मावेल एवढी जागा सोडा. दोन ओळी लिहायला गेली की तिचं तिलाच कळतं.

४. ‘नियंत्रित चल’ आणि ‘नियंत्रण’ एकच ना?

नाही, आणि परीक्षक नेमकं हेच विचारतात. नियंत्रित चल म्हणजे सगळ्या वाट्यांत सारखी ठेवलेली गोष्ट. नियंत्रण म्हणजे एक आख्खी वाटी, जिच्यात आपण काहीच केलेलं नाही. दह्याच्या प्रयोगात बिनविरजणाची वाटी हे नियंत्रण. तीही इतरांबरोबर त्याच ताटात ठेवायची. उद्या तीसुद्धा घट्ट झाली, तर दही विरजणाने लागलं असं म्हणायची सोय राहत नाही. बहुधा चमचा आधीच दह्यात बुडालेला असतो.

५. एका वेळी एकच गोष्ट का बदलायची? दोन बदलल्या तर वेळ वाचेल की.

वेळ वाचेल, उत्तर मिळणार नाही. एक मुलगा मेथीच्या दोन कुंड्या घेऊन आला होता. एक गॅलरीत, रोज पाणी. दुसरी माजघरात, एक दिवसाआड. गॅलरीतली छान वाढली. कशामुळे? उन्हामुळे म्हणावं तर पाणीही जास्त, पाण्यामुळे म्हणावं तर ऊनही होतं. पंधरा दिवस मनापासून नोंदी ठेवल्या होत्या बिचाऱ्याने.

दोन्ही तपासायचंच असेल तर चार कुंड्या करा: ऊन आणि रोज पाणी, ऊन आणि एक दिवसाआड, सावली आणि रोज, सावली आणि एक दिवसाआड. मग तुलनेसाठी अशा दोन कुंड्या निवडता येतात की त्यांच्यात एकच फरक आहे. आठवीच्या पुढच्यांनी जरूर करावं. त्याआधी नको, नोंदींचा ढीग होतो आणि शेवटी आई लिहीत बसते.

६. मुलाने परतंत्र चल म्हणून ‘वाढ’ लिहिलं. परीक्षक म्हणाले, नीट लिही. यात चूक काय?

‘वाढ’ मोजता येत नाही. उंची मोजता येते, पानं मोजता येतात, मोडाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येते. परतंत्र चलाच्या शेजारी एकक लिहून बघा. लिहिता आलं नाही तर तो चल अजून तयार नाही.

काही गोष्टी पट्टीने मोजता येत नाहीत, तिथे डोकं लावावं लागतं आणि मला हाच भाग सगळ्यात आवडतो. ‘दही किती घट्ट’ हे कसं मोजणार? एका मुलीने वाटी कंपासपेटीतल्या कोनमापकाशेजारी धरून हळूहळू कलती केली आणि दही कडेवरून सरकायला लागलं तो कोन लिहिला. दुसरीने दही मलमलच्या फडक्यात अर्धा तास टांगून खाली पडलेलं पाणी औषधाच्या मापाने मोजलं. दोन्ही बरोबर, फक्त सगळ्या वाट्यांना एकच पद्धत लावायची.

‘दही लागायला किती वेळ’ मोजताना एक फसगत हमखास होते. दर अर्ध्या तासाने वाटी उचलून हलवून पाहिली तर दही मोडतं, म्हणजे बघणं हाच एक नवा चल घुसतो. त्यावर उपाय असा: प्रत्येक प्रमाणाच्या पाच-सहा लहान वाट्या लावा, दर वेळी एक नवी वाटी तपासा आणि ती बाजूला काढा. तपासलेली परत ताटात जाणार नाही.

७. तापमान कोणत्या प्रकारचा चल आहे?

हा प्रश्न जवळजवळ रोज येतो. त्याचं सरळ उत्तर नाही, कारण प्रकार तापमानाला चिकटलेला नसतो, तो तुमच्या प्रश्नातून येतो.

‘कोमट दुधात दही लवकर लागतं की गार दुधात?’ इथे तापमान स्वतंत्र चल. दह्याचे जिवाणू साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअसला जोमात असतात, त्यामुळे फरक ठळक दिसतो. ‘माठातलं पाणी स्टीलच्या कळशीतल्या पाण्यापेक्षा किती गार होतं?’ इथे तापमान परतंत्र. ‘विरजण जास्त घातलं तर...’ इथे तेच तापमान नियंत्रित. तीच गोष्ट, तीन प्रश्नांत तीन कामं. म्हणून ‘या प्रयोगातले चल सांगा’ असं विचारून सामानाचा फोटो पाठवलात तर मला उत्तर देता येत नाही. प्रश्नाचं वाक्य पाठवा.

आणि हो, ताप मोजायचा थर्मामीटर दुधात बुडवू नका. तो ४२-४३ अंशांपर्यंतच दाखवतो, आणि जुना पाऱ्याचा असेल तर फुटल्यावर निस्तरणं कठीण. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर घ्या.

८. वेळेचं काय?

तापमानासारखंच. ‘मटकी ६, ९, १२ तास भिजवली तर मोड किती लांब येतात?’ यात वेळ तुम्ही ठरवता, म्हणून स्वतंत्र. ‘दही लागायला किती वेळ?’ यात तुम्ही मोजता, म्हणून परतंत्र. ‘सगळ्या वाट्या ५ तासांनी उघडल्या’ यात नियंत्रित.

रोज रोपाची उंची लिहिणाऱ्यांनी मात्र जपून. तिथे दिवस नोंदींच्या तक्त्यात येतात, पण प्रयोगाचा स्वतंत्र चल तुम्ही कुंड्यांमध्ये जो फरक केला तोच.

९. नियंत्रित चलांची यादी किती लांब करायची? मुलाने ‘चंद्राची कला’सुद्धा लिहिली आहे.

कौतुक करा आणि खोडा. मोजायच्या गोष्टीवर परिणाम होण्याचं एखादं कारण सांगता येत असेल तरच यादीत घ्या. घरच्या प्रयोगाला पाच ते आठ पुरे. यादीच्या लांबीपेक्षा नेमकेपणा बघा: ‘पाणी सारखं’ असं नको, ‘रोज सकाळी ८ वाजता ३० मिलि’ असं हवं.

यादीतून काय सुटतं त्याची एक जुनी गोष्ट मुलांना सांगते. यान बाप्टिस्टा व्हान हेल्माँट या फ्लेमिश शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात २०० पौंड वाळवलेली माती कुंडीत भरून ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं, माती जेमतेम २ औंस घटली. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. तोलून मापून केलेला प्रयोग, पण यादीत हवा नव्हती. झाडाने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला होता. गंमत अशी की ‘गॅस’ हा शब्द विज्ञानात आणला तोही याच माणसाने.

१०. हवामान आमच्या हातात नाही. मग ते नियंत्रित कसं म्हणायचं?

म्हणू नका. सगळे संच एकाच वेळी, एकाच जागी चालवा, म्हणजे जे काही होईल ते सगळ्यांवर सारखंच होईल. गार दुधाचं दही सोमवारी आणि कोमट दुधाचं मंगळवारी लावलंत आणि मंगळवारी पावसाने गारठा आला, तर संपलं. वहीत ‘खोलीचं तापमान बदलत होतं, पण सगळ्या वाट्या एकत्र होत्या’ असं सरळ लिहा.

माझीच एक फजिती सांगते. मटकीचे चार डबे ओट्यावर ओळीने ठेवले होते आणि डावीकडचा डबा दरवेळी जिंकायचा. दोन आठवडे मी त्याचं श्रेय भिजवायच्या पाण्याला देत होते. भिंतीच्या त्या बाजूला फ्रिजची पाठ होती, तिथे कायम उबारा. तेव्हापासून डब्यांच्या जागा रोज बदलते. फ्रिज हलवता येत नाही, डबे हलवता येतात.

११. एकच गोष्ट बदलली तरी तिच्यासोबत दुसरी आपोआप बदलते. अशा वेळी काय?

आता खरी अडचण. उजेड आणि अंधार यांची तुलना करायला एक बरणी उन्हात आणि एक कपाटात ठेवली की उजेडाबरोबर ऊबही बदलते आणि मातीचा ओलावाही. दोन्ही बरण्या खोलीत एकाच जागी, थेट ऊन न पडेल अशा ठेवा आणि एकीला बाहेरून अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळा. तोंड दोघींचं सारखंच झाका. फरक पूर्ण जात नाही, पुष्कळ कमी होतो.

दुसरं उदाहरण लंबकाचं. वजन वाढवलं तर झोका लवकर होतो का, हे पाहायला मुलं आधी दोऱ्याला लहान नट बांधतात, मग त्याच दोऱ्याला बटाटा. झोका हळू होतो आणि मुलं लिहितात, ‘वजनाने फरक पडतो’. खरं तर बटाट्याचा मध्य नटाच्या मध्यापेक्षा खाली आला, म्हणजे लंबकाची लांबी वाढली. लांबी टांगल्या जागेपासून वजनाच्या मध्यापर्यंत मोजायची असते. एकाच मापाच्या दोन छोट्या बाटल्या घेऊन एकीत पाणी आणि दुसरीत ओली वाळू, दोन्ही काठोकाठ भरून टांगा. मध्य तिथेच राहतो आणि वजन बदलतं.

१२. आमचा ज्वालामुखी! खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. यात चल कुठे आहेत?

फेस येतो, टाळ्या पडतात, पण कुठेही दोन गोष्टींची तुलना नाही. ते प्रात्यक्षिक झालं. त्याचा प्रयोग करायचा तर लाल रंग आणि मातीचा डोंगर बाजूला ठेवा. बाटलीत ५० मिलि व्हिनेगर घ्या, फुग्यात सोडा भरा, फुगा बाटलीच्या तोंडावर बसवून उलटा करा. सोड्याचं प्रमाण स्वतंत्र चल, दोऱ्याने मोजलेला फुग्याचा घेर परतंत्र. व्हिनेगर, बाटली आणि फुग्याचं माप नियंत्रित. फुगा दरवेळी नवा घ्या, एकदा फुगलेला दुसऱ्यांदा सहज फुगतो. बाटलीला बूच लावायचं नाही.

१ ग्रॅम, २, ३, ४, ५, ६ असे करत जा. बाजारातलं व्हिनेगर बहुधा ४ ते ५ टक्क्यांचं असतं. अशा ५० मिलिमधलं आम्ल जास्तीत जास्त साडेतीन ग्रॅमच्या आसपास सोड्याला पुरतं. त्यापुढे सोडा वाढवला तरी फुगा वाढत नाही, जास्तीचा सोडा तसाच उरतो. मुलाला ही थांबलेली रेघ आलेखात स्वतः दिसू द्या, आधी सांगू नका.

१३. दोन कंपन्यांच्या साबणांची तुलना चालेल का? ‘कंपनी’ हा चल असतो?

असतो. तो आकड्यांत नाही, नावांत असतो एवढंच. म्हणून आलेख रेघेचा नको, स्तंभांचा काढा. कोणता साबण डाग जास्त काढतो ते कळेल, का ते कळणार नाही, कारण दोन साबणांत एकाच वेळी दहा गोष्टी वेगळ्या असतात. निष्कर्षात तेवढंच लिहा. हळदीचा डाग घेत असाल तर साबण लागताच तो लाल होतो, तेव्हा ‘डाग वाढला’ असं लिहू नका.

१४. काहीच फरक पडला नाही. प्रयोग फसला का?

फसला नाही. लंबकाचं वजन बदललं आणि वेळ तोच राहिला, तर तेच तर उत्तर आहे. मग लांबी बदलून बघा: २५ सेंटिमीटरच्या लंबकाचा एक पूर्ण झोका सुमारे १ सेकंदाचा, १ मीटरच्या लंबकाचा सुमारे २ सेकंदांचा. लांबी चौपट, वेळ दुप्पट. एक झोका मोजू नका, २० मोजून भागा, नाहीतर घड्याळ दाबण्यातली चूकच फरकापेक्षा मोठी होते. झोकाही थोडाच द्या.

फरक न दिसण्याचं दुसरं कारण म्हणजे बदल फार लहान ठेवला असेल. २ चमचे आणि सव्वादोन चमचे विरजणात काय दिसणार?

१५. एका कुंडीत एक बी, दुसरीत एक बी. पुरे ना?

नाही. एक बी किडकी निघाली की सगळं गेलं. प्रत्येक संचात निदान २० दाणे घ्या आणि सरासरी काढा. दाण्यांची संख्या दोन्ही संचांत सारखी ठेवायची, म्हणजे तीही नियंत्रित चलांत आली (यादीसाठी प्रश्न ९ पाहा).

१६. रोपांना शास्त्रीय संगीत ऐकवलं तर जास्त वाढतात, हा प्रयोग मुलीला करायचाच आहे.

करू द्या. पण स्पीकरची ऊब, तो ठेवलेली खोली आणि गाणं लावायला गेलेली मुलगी जाताजाता घालते ते जास्तीचं पाणी, हे तिन्ही सांभाळा. दुसऱ्या कुंडीशेजारीही स्पीकर ठेवा, तोही चालू, फक्त आवाज शून्यावर. एका खोलीतलं गाणं दुसऱ्या खोलीत ऐकू जातं हे विसरू नका.

शिवाय मोजणाराही एक चल असतो. जिला राग भूप जिंकायला हवा आहे, तिची पट्टी त्या कुंडीत थोडी वर धरली जाते, मुद्दाम नव्हे. कुंड्यांवर फक्त क आणि ख लिहा आणि कोणती कोणाची हे माहीत नसलेल्या आजोबांना मोजायला बसवा.

१७. प्रकल्पवहीत चल कसे लिहायचे?

तीन ओळींत. ‘स्वतंत्र चल: विरजण (अर्धा, १, २ चमचे). परतंत्र चल: दही लागायचा वेळ (मिनिटं). नियंत्रित चल: दूध १०० मिलि, सुरुवातीचं तापमान ४० अंश, सारख्या स्टीलच्या वाट्या, एकच विरजण, एकच जागा.’ आलेखात स्वतंत्र चल आडव्या अक्षावर, परतंत्र उभ्या. सजावटीची किनार नसली तरी चालते.

१८. पावावरच्या बुरशीच्या प्रयोगात ओलावा बदलायचा आहे. रोज पिशवी उघडून बुरशी मोजावी का?

उघडायची नाही. एक तर हवा आत गेली की ओलावा बदलतो, म्हणजे तुमचा स्वतंत्र चलच हातातून सुटतो. आणि बुरशीचे बीजाणू नाकात जातात, दमा असलेल्या मुलाला ते फार त्रासाचं. पाव पारदर्शक झिपच्या पिशवीत बंद करा, पिशवीवर बाहेरून १ सेंटिमीटरच्या चौकटी असलेला पारदर्शक कागद ठेवा आणि किती चौकटींत बुरशी आहे ते मोजा. आठवड्याने प्रयोग संपला की पिशवी तशीच बंद, दुसऱ्या पिशवीत घालून कचऱ्यात.